वार्षिक वाचन-आव्हान

वार्षिक वाचन-आव्हान म्हणजे एका वर्षाच्या मुदतीत, बहुधा १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात, आधी ठरवलेल्या संख्येइतकी अथवा आधी ठरवलेल्या विषयसूत्रात बसणारी पुस्तके वाचण्याचा वाचकाने स्वेच्छेने केलेला संकल्प होय. 'रीडिंग चॅलेंज' या इंग्रजी संज्ञेचे हे शब्दशः भाषांतर आहे. प्रत्यक्षात या उपक्रमात बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी नसतो आणि संकल्प मोडल्यास दंडही नसतो. त्यामुळे 'वाचनसंकल्प' हा शब्द त्याच्या आशयाला अधिक जवळचा आहे. ग्रंथालये, शाळा, शासकीय विभाग, पुस्तकप्रेमींचे गट आणि वाचनाची नोंद ठेवणारी संकेतस्थळे असे उपक्रम चालवतात. एकट्याने, स्वतःपुरता संकल्प करणारे वाचकही पुष्कळ असतात.

अशा आव्हानांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. संख्यानिष्ठ आव्हानात वर्षभरात किती पुस्तके वाचायची एवढेच ठरते. विषयनिष्ठ आव्हानात कोणत्या प्रकारची पुस्तके वाचायची हे ठरते: एखाद्या प्रदेशातील, एखाद्या कालखंडातील, केवळ स्त्रियांनी लिहिलेली, केवळ अनुवादित, इत्यादी. हा भेद वरवर किरकोळ वाटला तरी महत्त्वाचा आहे. संख्या वाचकाला अधिक वाचायला लावते, पण त्याची निवड जशीच्या तशी राहू देते. विषयसूत्र त्या निवडीतच हस्तक्षेप करते आणि एरवी हाती न घेतलेले पुस्तक घ्यायला भाग पाडते.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उन्हाळी सुटीत मुलांसाठी वाचनाचे उपक्रम सुरू केले. क्लीव्हलंड येथील सार्वजनिक ग्रंथालय हे त्यांतील आरंभीचे एक मानले जाते. सुटीत मुलांचा पुस्तकांशी संबंध तुटतो आणि शाळा पुन्हा सुरू होते तेव्हा त्यांचे वाचन मागे पडलेले असते, ही शिक्षकांची जुनी तक्रार या उपक्रमांच्या मुळाशी होती. ऑस्ट्रेलियात १९७९ पासून 'एम.एस. रीडॅथॉन' हा उपक्रम चालत आला आहे. त्यात मुले वाचलेल्या पुस्तकांच्या निमित्ताने मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराच्या रुग्णांसाठी निधी गोळा करतात.

प्रौढ वाचकांमध्ये हा प्रकार रुजला तो एकविसाव्या शतकात. 'गुडरीड्स' या संकेतस्थळाने २०११ पासून वार्षिक आव्हानाची सोय दिली. वाचक वर्षारंभी स्वतःचा आकडा जाहीर करतो आणि प्रत्येक पुस्तक संपल्यावर नोंद करतो. ठरलेल्या गतीच्या तुलनेत तो किती पुस्तके पुढे वा मागे आहे, हे त्याला सतत दिसत राहते. आठवड्याला एक या हिशेबाने ५२ हा आकडा विशेष लोकप्रिय झाला. विषयनिष्ठ आव्हानांपैकी 'पॉपशुगर' आणि 'बुक रायट' या अमेरिकी प्रकाशनांची आव्हाने २०१५ पासून प्रसिद्ध आहेत. 'बुक रायट'च्या 'रीड हार्डर' या आव्हानात वर्षाला २४ निकष असतात, म्हणजे महिन्याला दोन.

नियम

नियमांचे स्वरूप आयोजकागणिक बदलते. परंतु काही प्रश्न सर्वत्र उद्भवतात. एकच पुस्तक दोन निकषांत धरावे काय? पुनर्वाचन मोजावे काय? ध्वनिपुस्तक ऐकणे हे वाचन मानावे काय? निम्म्यावर सोडलेल्या पुस्तकाचे काय करावे? बहुतेक प्रौढ आव्हानांत या सर्व बाबतींत वाचकाला मुभा असते. शालेय आव्हानांत ती कमी असते, कारण तेथे प्रमाणपत्र द्यायचे असते.

निकष दोन जातींचे असतात. काही आशयाशी निगडित असतात, उदाहरणार्थ 'विस्थापनाविषयीची कादंबरी' किंवा 'शास्त्रज्ञाचे चरित्र'. काही केवळ बाह्य खुणांवर आधारलेले असतात: शीर्षकात रंगाचे नाव असलेले पुस्तक, वाचकाच्या जन्मवर्षी प्रसिद्ध झालेले पुस्तक, शीर्षकात गावाचे नाव असलेले पुस्तक. दुसऱ्या जातीच्या निकषांना पोरखेळ म्हणून नाक मुरडले जाते. परंतु ते नेहमीच निरर्थक ठरतात असे नाही. शीर्षकात रंग शोधणारा मराठी वाचक जी. ए. कुलकर्णी यांच्या 'निळासावळा' (१९५९) किंवा 'हिरवे रावे' (१९६२) या कथासंग्रहांपाशी येऊन पोहोचू शकतो. निकष पोरकट होता म्हणून त्या कथा काही पोरकट होत नाहीत.

एका देशाचे एक पुस्तक

विषयनिष्ठ आव्हानाने काय साधते आणि त्यात कोणत्या अडचणी येतात, हे समजण्यासाठी लंडन येथील लेखिका ॲन मॉर्गन यांनी २०१२ मध्ये केलेला संकल्प उपयुक्त आहे. त्या वर्षी ऑलिंपिक स्पर्धांच्या निमित्ताने सारे जग लंडनला येणार होते. स्वतःच्या कपाटातील पुस्तके जवळजवळ सर्वच ब्रिटिश व अमेरिकी लेखकांची आहेत, हे मॉर्गन यांच्या लक्षात आले होते. आदल्याच वर्षी त्यांनी केवळ स्त्रियांची पुस्तके वाचण्याचा नेम केला होता. आता त्यांनी जगातील प्रत्येक देशाचे एक पुस्तक इंग्रजीतून वाचायचे ठरवले. संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेले १९५ देश आणि तैवान मिळून ही यादी १९६ वर गेली. लीप वर्षाच्या ३६६ दिवसांत ती पुरी करायची तर दोन दिवसांहूनही कमी वेळात एक पुस्तक संपवावे लागणार होते, आणि तेही नोकरी सांभाळून.

वेगाहून मोठी अडचण पुस्तके मिळवण्याची होती. इंग्रजी प्रकाशनविश्वात अनुवादांचे प्रमाण अत्यल्प आहे. अमेरिकेत ते सुमारे तीन टक्के असल्याचे सांगितले जाते, आणि रॉचेस्टर विद्यापीठाच्या अनुवादविषयक प्रकल्पाचे नावच 'थ्री पर्सेंट' असे आहे. परिणामी अनेक देशांचे एकही कथात्मक पुस्तक इंग्रजीत बाजारात उपलब्ध नव्हते. मॉर्गन यांनी जाहीर आवाहन केल्यानंतर चारच दिवसांत क्वालालंपूर येथील एका अपरिचित वाचिकेने मलेशियाचे पुस्तक स्वतः दुकानात जाऊन निवडण्याची आणि टपालाने पाठवण्याची तयारी दर्शवली. पुढे अशी मदत अनेकांनी केली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा साओ टोमे व प्रिन्सिपे हा पोर्तुगीज भाषक द्वीपदेश यादीत होता. त्याचे पुस्तक इंग्रजीत मिळेना, तेव्हा युरोप व अमेरिकेतील स्वयंसेवकांनी ओलिंडा बेजा यांचा एक कथासंग्रह आपसात वाटून घेऊन खास या वाचनासाठी अनुवादित केला. दक्षिण सुदान जुलै २०११ मध्येच स्वतंत्र झाला होता आणि तेथे ग्रंथप्रकाशनाची व्यवस्था नव्हती. तेथील लेखिका ज्युलिया डुआनी यांनी या संकल्पासाठी स्वतंत्र लेखन करून दिले. या वर्षाच्या अनुभवावर मॉर्गन यांचे पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या उदाहरणातून एक प्रश्न पुढे येतो: पुस्तक एखाद्या देशाचे आहे हे कशावरून ठरवायचे? लेखकाच्या जन्मावरून, वास्तव्यावरून, भाषेवरून की कथेच्या स्थळावरून? परदेशात वाढलेल्या आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाचे पुस्तक सहज मिळते, म्हणून तेच देशाचे प्रतिनिधी ठरते. सहज हाती लागणारे न घेणे हाच वास्तविक विषयसूत्राचा हेतू असतो. भारतासाठी मॉर्गन यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या एखाद्या ख्यातनाम लेखकाऐवजी एम. टी. वासुदेवन नायर यांची 'कालम' ही मल्याळम कादंबरी अनुवादातून वाचली. निवड विचारपूर्वक होती. तरीही ज्या देशाच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्याला एका पुस्तकात बसवणे भारतीय वाचकाला अपुरे वाटणारच. इतर बहुभाषक देशांच्या वाचकांचीही हीच भावना असू शकते.

लेखिकांसाठीचे आव्हान

विषयसूत्र केवळ वाचकाची सवयच नव्हे, तर वाङ्मयीन व्यवहारातील असमतोलही उघड करू शकते. ऑस्ट्रेलियात वृत्तपत्रे व नियतकालिके स्त्रियांच्या पुस्तकांची परीक्षणे पुरुषांच्या मानाने कमी छापतात, या जाणिवेतून २०१२ मध्ये एलिझाबेथ लुईड यांनी 'ऑस्ट्रेलियन विमेन रायटर्स चॅलेंज' सुरू केले. सहभागी वाचकाने वर्षभरात ऑस्ट्रेलियन लेखिकांची पुस्तके वाचावीत आणि त्यांवर लिहावे, अशी त्याची रचना होती. लिहिण्याची अपेक्षा हा त्यातील खरा कणा होता. केवळ वाचन झाले असते तर ते वाचकापाशीच राहिले असते. लिहिल्यामुळे जी परीक्षणे छापील पृष्ठांवर येत नव्हती त्यांचा एक मोठा संग्रह वाचकांनीच उभा केला. याच वातावरणातून ऑस्ट्रेलियन लेखिकांसाठीचा 'स्टेला पुरस्कार' २०१३ मध्ये प्रथम दिला गेला. आव्हान म्हणून हा उपक्रम सुमारे दहा वर्षे चालला. त्यानंतर त्याने जुन्या, विस्मृतीत गेलेल्या लेखिकांकडे लक्ष वळवले.

शालेय व बालवाचकांची आव्हाने

ब्रिटनमध्ये 'द रीडिंग एजन्सी' ही संस्था १९९९ पासून सार्वजनिक ग्रंथालयांच्या साहाय्याने 'समर रीडिंग चॅलेंज' चालवते. ४ ते ११ वर्षे वयाच्या मुलांनी उन्हाळी सुटीत ग्रंथालयातील सहा पुस्तके वाचावीत अशी सर्वसाधारण अपेक्षा असते आणि सहभाग विनामूल्य असतो. दर वर्षी नवे सूत्र असते. रोआल्ड डाल यांच्या जन्मशताब्दीचे २०१६ हे वर्ष त्यांच्या पुस्तकांना वाहिले होते. चंद्रावरील पहिल्या मानवी पाऊलखुणेला ५० वर्षे झाली त्या २०१९ मध्ये सूत्र अंतराळाचे होते. पुस्तके कोणती घ्यायची हे मूलच ठरवते. विनोदी पुस्तक, चित्रपुस्तक, माहितीपर पुस्तक, ध्वनिपुस्तक यांपैकी काहीही चालते. मूल पुस्तक परत करायला येते तेव्हा ग्रंथालयातील कर्मचारी किंवा स्वयंसेवक त्याच्याशी त्या पुस्तकाविषयी दोन शब्द बोलतो. सहा हा आकडा मुद्दाम लहान ठेवलेला आहे, आणि या उपक्रमाच्या दीर्घायुष्याचे एक कारण तेच असावे.

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात २००४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री माइक रॅन यांच्या पुढाकाराने शालेय विद्यार्थ्यांसाठी १२ पुस्तकांचे आव्हान सुरू झाले. दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेले 'अरब वाचन आव्हान' याहून फार मोठे आहे. त्यात विद्यार्थ्याने वर्षाला ५० पुस्तके वाचून प्रत्येकाचा सारांश 'पारपत्र' म्हणवल्या जाणाऱ्या नोंदवहीत लिहायचा असतो. पहिल्याच वर्षी अरब देशांतील ३५ लाखांहून अधिक विद्यार्थी त्यात सहभागी झाले. येथे स्पर्धा आणि मोठी पारितोषिके आहेत, त्यामुळे त्याची जात ब्रिटिश उपक्रमाहून वेगळी आहे.

आक्षेप

संख्येच्या मागे लागलेला वाचक पातळ पुस्तके निवडतो, हा सर्वांत परिचित आक्षेप आहे आणि तो खरा आहे. ५२ पुस्तकांचा संकल्प केलेला वाचक डिसेंबरात दहा पुस्तकांनी मागे असेल, तर तो भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू'ला हात लावणार नाही. त्याचप्रमाणे कवितासंग्रह एका बैठकीत 'संपवून' नोंदवहीत घालणे सोयीचे असते. कविता मात्र त्या बैठकीत बहुधा हाती लागत नाही.

दुसरा आक्षेप बक्षिसासंबंधी आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये 'पिझ्झा हट'ने सुरू केलेल्या 'बुक इट' या उपक्रमात वाचनाचे उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या मुलाला पिझ्झा मिळतो. अशा योजनांच्या टीकाकारांमध्ये 'पनिश्ड बाय रिवॉर्ड्स' (१९९३) या पुस्तकाचे लेखक आल्फी कोन यांचे नाव प्रमुख आहे. या चर्चेत १९७३ च्या एका प्रयोगाचा नेहमी उल्लेख होतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देण्याचे आधीच सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले आणि काहींना दिलेच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले असता, ज्यांना आधी कबूल केले होते ती मुले इतरांपेक्षा बरीच कमी वेळ चित्रे काढताना आढळली. अनपेक्षित प्रशस्तिपत्राने असे नुकसान केले नव्हते. प्रयोग चित्रकलेचा होता, वाचनाचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु ज्या मुलाला वाचायला आवडतेच, त्याला बक्षिसाचे आमिष दाखवण्यात काय धोका आहे, हे त्यावरून कळते. ज्याला आवडतच नाही त्याच्याबाबत तो काही सांगत नाही. बार्बरा मॅरिनॅक आणि लिंडा गॅम्ब्रेल यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसरीच्या मुलांना बक्षीस म्हणून पुस्तकच दिले असता त्यांची वाचनाची आवड किरकोळ वस्तू दिलेल्या मुलांपेक्षा अधिक टिकल्याचे दिसले. शाळांना त्यातून घेण्याजोगे आहे. वाचनाच्या बक्षिसादाखल कंपासपेटी देण्यापेक्षा पुस्तक देणे बरे.

विषयसूत्रांनाही मर्यादा आहेत. वर्षातून एक दलित आत्मकथन आणि एक अनुवादित कादंबरी वाचून चौकट भरली की कर्तव्य संपले, अशी वृत्ती त्यातून येऊ शकते. पुस्तक तेव्हा लेखकाचे राहत नाही, चौकटीचे होते. 'बलुतं' (१९७८) वाचून झाल्यावर वाचकाला 'उपरा' (१९८०) आणि 'जिणं आमुचं' (१९८६) यांकडे जावेसे वाटले, तरच चौकटीने आपले काम केले म्हणता येते. नियम मात्र त्याला पुढच्या चौकटीकडे ढकलत असतो.

संथ वाचनाची आव्हाने

या आक्षेपांना उत्तर म्हणून वर्षभरात एकच ग्रंथ वाचण्याचे संकल्पही रूढ झाले आहेत. टॉलस्टॉय यांच्या 'युद्ध आणि शांती' या कादंबरीत ३६१ प्रकरणे आहेत. रोज एक प्रकरण याप्रमाणे ती वर्षभर वाचणारे गट अनेक देशांत आहेत. प्रकरणे लहान असल्याने रोजचा वेळ थोडाच लागतो, पण एवढ्या दीर्घ सहवासामुळे कादंबरीतील कुटुंबे ओळखीची होतात.

ही पद्धत मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. चातुर्मासात एखाद्या ग्रंथाच्या वाचनाचा नेम धरणे, 'गुरुचरित्र' सात दिवसांत पूर्ण करणे, 'ज्ञानेश्वरी'चे पारायण करणे या परंपरेत मुदत, ठरलेला भाग आणि खंड न पडू देण्याचा निर्धार ही तिन्ही अंगे आहेत. 'दासबोधा'ची रचना वीस दशके आणि प्रत्येकी दहा समास अशी असल्याने रोज एक समास वाचणाऱ्याचा ग्रंथ दोनशे दिवसांत पूर्ण होतो. 'ज्ञानेश्वरी'च्या सुमारे नऊ हजार ओव्या रोज पंचवीस याप्रमाणे वर्षभर पुरतात. फरक हेतूचा आहे. पारायण तोच ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचण्यास सांगते आणि पुनरावृत्तीला मोल देते. आधुनिक आव्हानाचा कल न वाचलेल्याकडे असतो. पुनर्वाचन मोजावे की नाही, असा प्रश्न पडतो तो तेथेच.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात वाचनासंबंधीचे सार्वजनिक उपक्रम बहुधा एका दिवसाचे वा सप्ताहाचे असतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर हा २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून शाळा-महाविद्यालयांत साजरा होतो. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या 'महावाचन उत्सवा'त विद्यार्थी पुस्तक वाचून त्याविषयी लिहितात. एका दिवसाच्या कार्यक्रमात पुस्तकाचे पूजन होते, सामूहिक वाचन होते, छायाचित्रे निघतात. वर्षभराचा संकल्प मात्र ज्याचा त्याने करावा लागतो.

मराठीसाठी विषयसूत्रे ठरवताना परभाषेतील याद्या जशाच्या तशा उचलल्यास अडचण येते. 'या वर्षी चित्रपट आलेली कादंबरी' किंवा 'गेल्या सहा महिन्यांतील अनुवाद' असे निकष मोठ्या बाजारपेठेच्या हिशेबाने केलेले असतात. उलट, मराठीत काही सूत्रे स्वाभाविकपणे उभी राहतात. प्रदेश आणि बोली हे त्यांतील सर्वांत समृद्ध सूत्र. माणदेशासाठी व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५), कोकणासाठी श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२), वऱ्हाडासाठी उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०), मराठवाड्यासाठी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१), मुंबईसाठी भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५) आणि गोव्यासाठी लक्ष्मणराव सरदेसाई यांच्या कथा अशी सहा पुस्तके दोन महिन्यांस एक या गतीने वाचली, तर मराठी ही एकच भाषा नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. 'धग'मधील वऱ्हाडी पुण्या-मुंबईच्या वाचकाला पहिली काही पाने अडवते. तेथे मुदत दूर असल्याचा उपयोग होतो.

स्त्रियांची आत्मचरित्रे हेही असेच एक सूत्र. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' यांपासून बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'पर्यंत येताना काळ, जात आणि भाषा तिन्ही बदलत जातात. त्याहून अवघड सूत्र म्हणजे आठव्या अनुसूचीतील प्रत्येक भाषेचे एक पुस्तक मराठी अनुवादातून वाचणे. कन्नडसाठी उमा कुलकर्णी यांनी अनुवादिलेल्या एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या आहेत, बंगालीसाठी मामा वरेरकरांनी आणलेले शरच्चंद्र आहेत. साहित्य अकादमीची प्रकाशने आणि राष्ट्रीय पुस्तक न्यासाची 'आदान-प्रदान' माला यांतून आणखी काही भाषा मिळतात. बोडो, डोगरी, मैथिली व संथाळी या २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आलेल्या भाषांपाशी मात्र शोध कठीण होतो. मॉर्गन यांना साओ टोमेबाबत जे जाणवले, ते मराठी वाचकाला आपल्याच देशातील भाषांबाबत जाणवते.

यांतील काही जुनी पुस्तके दुकानात नेहमी मिळत नाहीत. अशा वेळी तालुक्याच्या वा गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा आधार असतो. यादी वर्षारंभीच ग्रंथपालांकडे दिल्यास पुस्तके मागवून ठेवता येतात. शाळांमध्ये असा उपक्रम करायचा झाल्यास जानेवारीऐवजी जूनपासूनचे शैक्षणिक वर्ष धरणे सोयीचे पडते. मार्च-एप्रिलमधील परीक्षांचा काळ मोकळा सोडून, उन्हाळी सुटीसाठी एक-दोन पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली ठेवता येतात.